परसातली नाजूक फुलं भेट देताना: तोडण्यापासून समोरच्याच्या हाती पडेपर्यंत

मोगऱ्याची टपोरी कळी दिवेलागणीला सुटू लागते, रात्री भरात येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. प्राजक्त पहाटे गळतो आणि ऊन चढलं की मलूल होतो. गुलछडीची दांडी मात्र आठवडाभर तग धरते. फुलवाल्याकडचा गुच्छ मुळात टिकाऊ जातींचाच असतो, म्हणून तो केव्हाही नेला तरी चालतो. परसातल्या किंवा गॅलरीतल्या कुंडीतल्या फुलांचं तसं नाही. ती भेट द्यायची तर आधी एकच गोष्ट ठरवा: समोरची व्यक्ती डबा किती वाजता उघडणार? तिथून उलटं मोजत तोडायची वेळ ठरते, बांधणी ठरते आणि कुठलं फूल न्यायचं तेही ठरतं.

कुठल्या महिन्यात काय

मोगऱ्याचा खरा बहर चैत्र-वैशाखात. श्रावणात जाई-जुई आणि सोनटक्का, भाद्रपद-आश्विनात प्राजक्त, थंडीत शेवंती आणि कुंद. अबोली आणि तगर जवळजवळ वर्षभर थोडी थोडी फुलत राहतात. सोनचाफा पावसाळ्यात जोरात येतो. बकूळ आणि कोकणातली सुरंगी उन्हाळ्याकडची. हंगामाबाहेरच्या फुलासाठी अडून बसू नका. आश्विनात मोगऱ्याच्या सात कळ्या गोळा करण्यापेक्षा ओंजळभर प्राजक्त कितीतरी चांगला.

कोणाला काय द्यायचं, यावर थोडा विचार हवा. गजरा प्रत्येकीला माळायचा असतोच असं नाही. कोणाचे केस आखूड असतात, कोणाला सवय नसते, आणि काही वयस्क बायका अजूनही गजरा हातात घेऊन बाजूला ठेवतात. माहीत नसेल तर फुलं सुटी, द्रोणात द्या. घेणारी ती माळेल, देवाला वाहील किंवा उशाशी ठेवेल. देवपूजेसाठी देणार असाल तर वास न घेता द्या आणि तसं सांगा, कारण हुंगलेलं फूल देवाला चालत नाही असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. दमा किंवा अर्धशिशी असलेल्या माणसाला, तसंच पहिल्या महिन्यांत मळमळ होणाऱ्या गर्भवतीला मोगरा, सोनचाफा, रातराणी नकोच. त्यांच्यासाठी बिनवासाची अबोली किंवा मंद वासाची शेवंती न्या. रुग्णालयात न्यायची असतील तर आधी फोन करून विचारा, अतिदक्षता विभागात फुलं सहसा आत घेत नाहीत.

लहान मूल किंवा पाळीव जनावर असलेल्या घरात कण्हेर (पांढरी, गुलाबी आणि पिवळीही) आणि कळलावी नेऊ नका. ही झाडं विषारी आहेत. मांजर असेल तर लिलीही नको, तिच्या परागांनीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला धोका होतो.

मोगरा: कळी ओळखणं

मोगऱ्याच्या भेटीत जे बिघडतं ते बहुतेक कळी ओळखण्यात बिघडतं. झाडावर एकाच वेळी तीन वयांच्या कळ्या असतात. टोकदार, हिरवट झाक असलेली कळी उद्या-परवाची आहे. ती तोडली तर कधीच नीट उमलत नाही, कारण उमलायला लागणारी साखर तिच्यात अजून साठलेली नसते. दुसरी पूर्ण फुगलेली, दुधासारखी पांढरी, टोक किंचित बोथट झालेली. हीच आज रात्री उमलणार, हीच हवी. तिसरी सुटायला लागलेली, ती घरच्या देव्हाऱ्यासाठी ठेवा, प्रवासात तिच्या पाकळ्या दुमडतात. देठाकडे जांभळट झालेली किंवा बारीक भोक दिसणारी कळी वगळा, आत अळी असते. अशी एक कळी डब्यात गेली तरी तपकिरी चुरा बाकीच्या कळ्यांवर पडतो.

झाडाला आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. आठच्या सुमारास जवळच कुणाकडे पोचायचं असेल तर साडेचार-पाचला, ऊन उतरल्यावर तोडा. चार-पाच तासांचा प्रवास असेल तर सकाळी उन्हाआधी. दुपारी दोनला तोडलेली कळी आतून तापलेली असते, पाणी कमी असलेली असते आणि लवकर लुळी पडते. नखाने हिरव्या निदलांच्या, म्हणजे कळीच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पात्यांच्या, खाली ३ ते ५ मिलिमीटर देठ ठेवून खुडा. देठच नसेल तर गुंफताना दोऱ्यातून सुटते. आदल्या आठवड्यात झाडावर कडुनिंबाचं तेल किंवा कसलंही औषध फवारलं असेल तर ती फुलं भेट देऊ नका. नीमतेलाचा वास मोगऱ्याच्या वासाला गिळतो, आणि बऱ्याच घरांत ही फुलं पिण्याच्या माठातही टाकतात.

कळ्या धुवायच्या नाहीत. पाकळीवर पाणी साचलं की तिथे तपकिरी डाग उठतो. धूळ असेल तर हलक्या हाताने परडी हलवून झाडा. पावसात तोडलेल्या फुलांना सुती कापडावर एका थरात पसरून पाच-दहा मिनिटं सावलीत सुकू द्या, पंख्याखाली नको.

एका झाडावर रोज वीस-पंचवीसच कळ्या मिळत असतील तर दोन दिवसांच्या एकत्र करून गजरा करायचा मोह होतो. तो टाळा. कालच्या कळ्या आज तपकिरी व्हायला लागतात आणि ताज्या पांढऱ्या कळ्यांत उठून दिसतात. त्यापेक्षा वीस कळ्यांचा द्रोणच द्या.

गजरा

वीतभर गजऱ्याला मध्यम आकाराच्या साधारण ७० ते ८० कळ्या लागतात. कळ्या मोठ्या असतील तर कमी. दोरा गजऱ्याच्या चौपट-पाचपट आणि टोकांसाठी थोडा जास्त, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपांचा, म्हणजे थरांचा, दोरा सगळ्यात चांगला: तो ओलावा धरून ठेवतो, कळीच्या देठाला कापत नाही आणि गजरा मऊ राहतो. सोप १०-१५ मिनिटं पाण्यात भिजवून ३-४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढा, पाणी निथळू द्या. नसेल तर जाडसर पांढरा सुती दोरा ओला करून घ्या. नायलॉनचा दोरा घेऊ नका, तो देठ कापतो.

बोटांवर गुंफताना दोऱ्याचं एक टोक दहा-बारा सेंटिमीटर मोकळं सोडून डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरा. दोन कळ्या डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे तोंड करून, देठ एकमेकांवर फुली मारून दोऱ्यावर ठेवा. दोरा देठांवरून एक वेढा घालून आणा, मग बोटावर त्याचा फास करून तो एका बाजूच्या कळ्यांच्या डोक्यावरून घाला आणि देठाशी ओढा. पुढची जोडी आधीच्या जोडीला चिकटून. ताण किती द्यायचा हे पहिल्या चार-पाच जोड्यांत कळतं: कळ्या हलवल्या तर देठात जराशा हलाव्यात, पण निसटू नयेत. फास फार आवळला की देठ चिरडतो, आणि तासाभरात त्या कळ्या माना टाकतात. फार सैल ठेवला तर बांधलेला गजरा वेणीपर्यंत पोचतानाच निम्मा गळतो.

हे जमत नसेल तर सुई-दोरा घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सुई हिरव्या निदलांच्या लगेच वर, कळीच्या नळीतून घाला. फुगलेल्या भागातून घातली तर तिथे तासाभरात तपकिरी रेघ उमटते. सुई बारीक हवी.

मध्ये मध्ये मरव्याची किंवा दवण्याची काडी घालायची पद्धत फार सुंदर आहे. पांढऱ्यात हिरवा रंग येतो आणि कोरडा, तिखटसर वास मोगऱ्याचा गोडपणा तोलतो. अबोली घालणार असाल तर तिच्या जोड्या वेगळ्या बांधा, कारण तिच्या नळ्या लांब आणि नाजूक असतात. अबोलीला वास नसला तरी ती दोन दिवस ताजी राहते, गोव्यात तिच्या फात्या (गजरे) यासाठीच लोकप्रिय आहेत. गजऱ्याची दोन्ही टोकं दहा-बारा सेंटिमीटर मोकळी ठेवा आणि सोबत दोन काळ्या पिना द्या. पिन नसते म्हणून गजरा फ्रीजमध्येच राहतो, हे इतक्यांदा घडतं की पिना विसरू नका.

जाई, जुई, सोनटक्का

जाईच्या कळीला पाठीमागे गुलाबी झाक असते आणि नळी लांब. ती मोगऱ्यापेक्षा अधिक नाजूक, म्हणून गजऱ्यापेक्षा सुट्या फुलांची भेट जास्त शोभते. जुई आणखी बारीक. गोव्यातल्या म्हार्दोळच्या महालसेच्या देवळात पावसाळ्यात जायांची पूजा होते, तेव्हा ती फुलं अशा संख्येने येतात की सारा गाभारा त्यांनीच भरतो. घरच्या एका वेलावरची ओंजळ त्यापुढे काहीच नाही, पण खोली भरायला पुरते. दहा बाय दहाच्या खोलीला १५-२० फुलं पुष्कळ झाली. त्याहून जास्त ठेवली तर काही जणांचं डोकं दुखतं.

सोनटक्का सुटा नको. प्रत्येक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण एका दांडीवरच्या कळ्या रोज दोन-तीन अशा पुढे चार-पाच दिवस उमलत राहतात. म्हणून पानांसकट, पन्नास-साठ सेंटिमीटरची दांडी कापा आणि पाण्यात उभी ठेवून द्या.

प्राजक्त, बकूळ, सुरंगी

प्राजक्ताला झाडावरून तोडायचं नसतं. रात्री दहाच्या सुमारास झाडाखाली धुतलेली जुनी सुती चादर पसरून ठेवा. पहाटे साडेपाच-सहाला चादरीचे चार कोपरे उचलून सगळी फुलं मधोमध सरकवा. एकेक फूल बोटाने उचललं तर पाकळी दाबली जाते आणि दाबलेली जागा काचेसारखी पारदर्शक होते. परडीत किंवा पसरट ताटात दोन थरांपेक्षा जास्त नको. अर्ध्या तासाच्या अंतरातच ही भेट द्यायची आणि आठ-साडेआठच्या आत. शेजारच्या आजींना, समोरच्या घरी, सोसायटीत वरच्या मजल्यावर, इतकाच तिचा पल्ला. देठांचा केशरी रंग पांढऱ्या कापडावर डाग पाडतो हे लक्षात ठेवा. जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, पण प्राजक्त आणि बकूळ यांना ती सूट परंपरेनेच दिलेली आहे, म्हणून पूजेसाठी ही भेट निःशंक द्यावी. उरलेल्या फुलांचे केशरी देठ वेगळे करून सावलीत तीन-चार दिवस वाळवले तर कापडाला फिकट भगवा रंग देण्याच्या कामी येतात.

बकूळ याच्या अगदी उलट: सुकली तरी वास जात नाही. पडलेली फुलं सकाळी वेचा. फुलाच्या मधोमध आपोआप भोक असतं, सुई न लावताही ती दोऱ्यात ओवता येतात. वळेसर, म्हणजे ओवलेली माळ, करा, दोन दिवस सावलीत टांगा, मग कागदी पाकिटात घाला. महिन्याने कपाट उघडलं तरी वास येतो. म्हणून दूरगावी, टपालाने पाठवायची फुलांची भेट बकुळीचीच. सिंधुदुर्गाकडे सुरंगीचे वळेसरही असेच ठेवतात. सुरंगी मात्र पहाटे कळी असतानाच काढावी लागते, ऊन लागून उमलली की तिचे केसर झडून जातात.

सोनचाफा आणि अनंत

या दोघांना बोट लावायचं नाही. अनंताच्या पाकळीला नखाचा स्पर्श झाला तरी पंधरा-वीस मिनिटांत तिथे तपकिरी ठसा उठतो. देठ धरून, पाकळी कशालाही न टेकवता न्या. कात्रीने कापून प्रत्येक फूल वेगळ्या पानात, फणसाच्या किंवा केळीच्या, सैल गुंडाळा. कळी पूर्ण बंद असताना कापली तर बऱ्याचदा उमलत नाही, पिळा सैल होऊन एक-दोन पाकळ्या सुटल्यावर कापा.

सोनचाफ्यासाठी कोकणातली जुनी युक्ती अजूनही सगळ्यांत चांगली. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, पहाटे तोडलेली नुकती सुटू लागलेली चार-पाच फुलं पूर्ण बुडवा आणि पाणी काठोकाठ भरून झाकण लावा. आत हवेचा बुडबुडा राहिला की वर आलेली पाकळी काळी पडते, म्हणून पाणी खरंच काठोकाठ हवं. अशी बरणी काही दिवस छान दिसते. वास मात्र झाकण उघडल्यावरच येईल, हे देताना सांगा.

छोटा गुच्छ

परसात झिनिया, कॉसमॉस, शेवंती, गुलछडी, गावठी गुलाब असतील तर गुच्छ जमतो. भोवती तुळशीच्या मंजिऱ्या आणि दवणा घाला. सकाळी कापून, धारदार कात्रीने तिरका छेद देऊन लगेच पाण्यात ठेवा. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, ती कुजून पाण्याला वास येतो आणि देठ बंद होतात. दोन तास सावलीच्या गार खोलीत गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवा, मगच बांधा. हे दोन तास वाचवले की गुच्छ समोरच्या घरी पोचून अर्ध्या दिवसात मान टाकतो.

फुलदाणीच्या पाण्यासाठी एक लिटरला एक चमचा साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस. नुसती साखर घातली तर जिवाणू वाढतात, लिंबू त्यांना आवर घालतं. तगरीसारखा चीक येणारा देठ कापल्यावर आधी वेगळ्या पाण्यात ठेवा. चीक वाहायचा थांबला की इतर फुलांत मिसळा. गुलछडी खालची दोन फुलं उमलली असताना कापा. तेरडा गुच्छात घेऊ नका. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, कापल्यावर तितकेही नाहीत. त्याची फुलं पसरट भांड्यात पाण्यावर तरंगवली तर संध्याकाळपुरती शोभतात.

ब्रिटनमधल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात केव्हा कापायचं हाच प्रश्न स्वीट पी या वेलाबाबत येतो. खालची एक-दोन फुलं उमलली की दांडी कापावी. दर एक-दोन दिवसांनी कापत राहिलं नाही तर वेल बिया धरतो आणि फुलणं थांबवतो. त्या शेंगा मटारासारख्या दिसल्या तरी खाण्याच्या नाहीत, हे मुलांना सांगून ठेवा. भारतातून ताजी फुलं घेऊन विमानाने जाणाऱ्यांनी त्या देशाचे नियम आधी पाहावेत. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत जाहीर न केलेली फुलं विमानतळावर काढून घेतात आणि दंडही होतो.

भरणं आणि नेणं

स्टीलचा पसरट डबा किंवा वेताची परडी. प्लॅस्टिकची बंद पिशवी नको: फुलं श्वासोच्छ्वास करतात, आत ऊब आणि घाम साचतो आणि दोन-तीन तासांत पाकळ्या लाल-तपकिरी होतात. मलमलचं फडकं भिजवून इतकं पिळा की एक थेंबही टपकू नये. ते तळाशी घाला, त्यावर केळीचं किंवा पळसाचं कोरडं पान, त्यावर कळ्या, थर दोन बोटांहून उंच नको. वरून पुन्हा पान. झाकण घट्ट न लावता थोडं सैल ठेवा. बर्फाची पिशवी ठेवायचीच असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याबाहेर ठेवा, कळीला टेकली तर काळी पडते.

उन्हाळ्यातली एक मोठी चूक म्हणजे आंब्याची पेटी आणि मोगऱ्याचा डबा एकाच गाडीत शेजारी ठेवणं. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यातून एथिलीन वायू सुटतो आणि त्याने फुलं वेळेआधी कोमेजतात. फ्रीजमध्येही त्यांना एकत्र ठेवू नका. कांदा-लसणीच्या शेजारीही नको. गाडीत डॅशबोर्डवर किंवा डिकीत न ठेवता पायापाशी सावलीत ठेवा, वातानुकूलनाचा थेट झोत टाळा. एसटीने जात असाल तर मांडीवर.

फ्रीज वापरायचाच तर खालचा भाजीचा कप्पा, ओलसर फडक्यात, जास्तीत जास्त एक रात्र. फार गार जागी, बर्फाच्या कप्प्याखाली ठेवलेली मोगऱ्याची कळी बाहेर काढल्यावर उमलत नाही, तशीच मलूल होते.

सोबतची चिठ्ठी

फुलांसोबत चार ओळी लिहून द्या: कुठलं फूल, किती वाजता तोडलं, केव्हा उमलेल, कसं ठेवायचं. उदाहरणार्थ: "मोगरा आज पाच वाजता तोडला आहे. आठपर्यंत उमलेल. डबा उघडा ठेवा, फ्रीजमध्ये ठेवू नका. उद्या सकाळी उरलेला पाण्याच्या वाटीत तरंगवा. झाडावर औषध फवारलेलं नाही." ही चिठ्ठी नसली की अर्ध्या घरांत डबा आधी फ्रीजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशीच उघडला जातो.

ज्यांना मोगरा आवडला आहे त्यांना पुढच्या पावसाळ्यात रोप द्या. आषाढात १२ ते १५ सेंटिमीटरच्या, तीन-चार डोळे असलेल्या अर्धवट जून फांद्या कापा. खालची पानं काढा, निम्मी वाळू आणि निम्मं शेणखत-माती अशा कुंडीत दोन डोळे आत जातील इतपत खोचा आणि सावलीत ठेवा. माती ओलसर राहू द्या, चिखल होऊ देऊ नका. पाच-सहा आठवड्यांत मुळं धरतात. पाच फांद्या लावल्या तर तीन जगतील असं धरून चाला आणि त्यातली सर्वांत जोमदार कुंडी द्यायला ठेवा.